एकाच गाडीनं

कतारहून ऑस्ट्रेलियाला गेलेली माणसं मी ढिगानं पाहिली. आमच्या अल मुंतझा भागातल्या बिल्डिंगमधूनच दर वर्षी कुणीतरी जातं. आधी गुपचूप इंग्रजीची परीक्षा देतात, मग विचारलं तर "छे हो, कुठलं काय" म्हणतात, आणि एक दिवस ग्रुपवर सोफा विकायला काढतात तेव्हा कळतं की यांचं इथलं खलास. पण ऑस्ट्रेलिया सोडून कतारला आलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तोही तिथं काही वर्षं राहिलेला, चांगल्या पगाराचा. पंगतीत जिलबी वाढायला घेतली आणि एक जण हात धुवायला उठला, तर शेजारच्याला शंका येणारच की!

शंका घेणं हा माझा माहेरचा गुण आहे. माझे वडील नाशिकला वजनमापे निरीक्षक होते. दुकानदार फार गोड बोलायला लागला की त्याच्या तोंडाकडं बघायचं नाही, काट्याकडं बघायचं, हे त्यांनी आम्हाला पाढ्यांच्या आधी शिकवलं. हा माणूस मात्र गोड सोडाच, धड कडूही बोलायचा नाही. नुसते प्रश्न विचारायचा.

त्यांची माझी पहिली ओळख फोनवर झाली, आणि तीही भांडणानं. नवरा रास लफानच्या गॅस प्लांटवर शिफ्ट ड्यूटीत. त्या दिवशी कंपनीच्या बसनं घरी आला, दोन घास खाल्ले आणि झोपला. दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"वहिनी, मिस्टर घरी हायेत का?"

"झोपलेत. आपण कोण?"

"डोळ्यानं बघितलाव का?"

"काय?"

"झोपलेले हायेत ते तुम्ही आत्ता डोळ्यानं बघितलाव, का मघाशी बघितल्ताव?"

मी सरळ फोन कापला. इथं बँकेचं नाव सांगून फसवणारे रोज फोन करतात, त्यातलाच हा नवीन प्रकार असणार, आणि मेल्यानं आता मराठीही शिकून घेतलंय, असं मला वाटलं. पुन्हा फोन आला. पुन्हा कापला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी तोंड सोडलं. समोरच्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं. आता त्यांना उठवा अन् त्यांच्या तोंडून मला ऐकू द्या." नवरा डोळे चोळत उठला, फोन घेतला आणि ताठ उभा राहून "सॉरी सर, सॉरी सर" करायला लागला.

झालं होतं असं. प्लांटमध्ये एखादं यंत्र दुरुस्तीला उघडायचं असलं की आधी त्याचा स्विच बंद करतात आणि काम करणारा प्रत्येक जण त्या स्विचला आपापलं कुलूप लावतो. चावी ज्याची त्याच्या खिशात. शेवटचं कुलूप निघेपर्यंत यंत्र कुणाच्या बापाला चालू करता येत नाही. नवरा आपलं कुलूप काढायला विसरून घरी आला होता. तसं झालं तर कुलूप तोडतात. पण तोडण्याआधी तो माणूस यंत्रात अडकलेला नाही, सुखरूप घरी पोचलाय, याची पक्की खात्री करावी लागते. ती खात्री करणं हे या गृहस्थांचं काम. सगळे त्यांना 'सर' म्हणायचे. आमच्या घरात त्या दिवसापासून त्यांचं नाव 'कुलूपवाले' पडलं. तोंडावर अर्थात मीही सरच म्हणायचे.

आता ते कतारमध्ये नाहीत. निवृत्त होऊन लातूरला गेले, बायको तिथं शाळेत शिकवायची. पण अजून मी घराला कुलूप लावून खाली उतरले की मागून कुणीतरी "ओढून बघितलाव का?" विचारील असं वाटतं.

दिसायला अगदी साधे. उंच, किंचित वाकलेले, मिशी पांढरी आणि भुवया मात्र काळ्याभोर. आमच्याच गल्लीच्या टोकाला, सलूनच्या वर, एका खोलीत राहायचे. स्वतः ज्वारीच्या भाकरी थापायचे. भाकरी झाली की कडेला धरून उजेडासमोर फिरवायचे, कुठं कच्ची आहे का ते बघायला. पाणी प्यायच्या आधी हुंगायचे. लिफ्टमध्ये शिरले की आधी आत कोण कोण आहे ते बघायचे आणि बाहेर पडल्यावर वळून पुन्हा बघायचे. दुकानदार म्हणाला, "बुकरा माल येईल, इन्शाल्ला," म्हणजे उद्या येईल, की हे आपल्या लातुरी हिंदीत विचारायचे, "गाडी निकली है, ये आँख से देखे क्या?" तो बिचारा केरळचा दुकानदार मला पाहिलं की हात जोडायचा, तुमच्या त्या अंकलना दुसरीकडं पाठवा म्हणायचा.

एकदा मदिनत खलीफाला एकांच्या व्हिलात गणपतीचं जेवण होतं. आरती, जेवण झालं, आणि सगळ्यांनी कॉर्निशला, समुद्राकाठी, फिरायला जायचं ठरवलं. गाड्यांची दारं धडाधड लागली आणि हे गेटमध्ये जाऊन उभे! हात आडवे करून! कुणाची मुलं कुणाच्या गाडीत बसलीत ते प्रत्येकानं आपल्या तोंडानं सांगायचं, त्याशिवाय गाडी सोडणार नाही. पैठणी नेसलेल्या बायका घामानं निथळत होत्या. मागून हॉर्न वाजत होते. यजमान म्हणाले, "सर, सगळे आहेत हो." हे म्हणाले, "सगळे म्हणजे कोण? नावं सांगा." शेवटी प्रत्येक गाडीची काच खाली करून त्यांनी आत डोकावून पाहिलं. कुणीही राहिलेलं नव्हतं. सगळे जागच्या जागी होते. त्यानंतर त्या व्हिलाचं आमंत्रण त्यांना कधी आलं नाही आणि त्यांनाही त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

मला मात्र तेव्हापासून वाटायला लागलं की या माणसाच्या पोटात काहीतरी आहे. उगाच कुणी असं वागत नाही.

मग नवऱ्याला डायबेटिस निघाला. गोळ्यांनी भागेना म्हणून सकाळचं इन्शुलिन सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, चाला. इथं चालायचं कुठं? मॉलमध्ये चालताना त्याला लाज वाटायची. तर हा एक दिवस येऊन सांगतो, "शुक्रवारी सरांबरोबर वाळवंटात जाणार आहे. त्यांचा कंपू आहे चालणाऱ्यांचा."

कंपू म्हणजे कोण, तर सर आणि सिस्टर. सिस्टर म्हणजे वसईच्या, हॉस्पिटलात नर्स, पन्नाशीच्या, चालायला घोड्यासारख्या. इथं सुट्टी शुक्रवारची, त्या सकाळी आधी चर्चला जायच्या आणि तशाच बूट बदलून सरांच्या गाडीत बसायच्या. मी सिस्टरांना बाजूला घेऊन विचारलं, "माणूस बरा आहे ना?" त्या म्हणाल्या, "अगो, माणूस चांगला आहे, पण डोक्यानं कुठंतरी भलतीकडेच असतो." एवढ्यावर मी माझा इन्शुलिनवाला नवरा सोडणार होते थोडीच! दुसऱ्या शुक्रवारपासून मीही जायला लागले. चालायला नाही, लक्ष ठेवायला.

पहिल्याच दिवशी सरांनी मला एक नवं कोरं कुलूप दिलं. "हे तुमचं. चावी गळ्यात घाला."

गाडी त्यांची, मोठी, जुनी, पांढरी. आम्ही पश्चिमेच्या बाजूला जायचो, जिथं चुनखडीचे बुटके डोंगर आहेत आणि मधूनच समुद्राची निळी रेघ दिसते. डांबरी सोडून आत कच्च्यानं बरंच गेल्यावर गाडी थांबायची. सगळे उतरले की सर स्टिअरिंगमधून साखळी ओवून ती सीटखालच्या लोखंडाला आवळायचे. साखळीच्या टोकांत भोकांची एक कडी, प्लांटमध्ये असते तशी. प्रत्येकानं आपापलं कुलूप त्या कडीत लावायचं. चौघांची चार कुलुपं. चौघं परत येऊन आपापलं कुलूप काढतील तेव्हाच गाडी हलणार.

मी म्हटलं, "सर, हे यंत्र नाही. गाडी आहे."

"यंत्रच हाय," ते म्हणाले.

"आणि कुणाची चावी हरवली तर?"

"कटर हाय डिकीत."

"मग कुलपाचा उपयोग काय?"

त्यावर त्यांनी माझी पाण्याची बाटली घेतली, कानाशी धरून हलवली आणि भरलेली आहे याची खात्री झाल्यावर परत दिली. माझ्या प्रश्नाला उत्तर न देण्याची त्यांना सवयच होती. दुसरी एक गोष्ट मला सारखी खटकायची. वाळवंटात एका गाडीनं कधी जाऊ नये, एक रुतली तर ओढायला दुसरी हवी, हे इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. सर मात्र दुसरी गाडी बरोबर घ्यायला कधीच तयार नसायचे. कंपनीतल्या एका पुण्याच्या जोडप्याला यायचं होतं, त्यांची स्वतःची चांगली नवी गाडी होती. सर म्हणाले, "माझ्या गाडीत जागा असंल तेवढीच माणसं. एकाच गाडीनं." ते जोडपं रागावलं. मी मनात म्हटलं, दुसरी गाडी नको म्हणजे दुसरा साक्षीदार नको.

चालताना मात्र त्यांचं तोंड उघडायचं, आणि तेव्हा फक्त ऑस्ट्रेलिया. तिकडं खाणीवर असताना ते सुट्टीच्या दिवशी आतल्या वाळवंटात चालायला जायचे. इथली जमीन फिकी, तिथली लाल, म्हणे पायातले मोजे धुतले की बादली कुंकवाची व्हायची. कुसळासारखं टोचणारं गवत. पांढऱ्या सालीची झाडं कोरड्या नदीच्या पात्रात उभी. माशा इतक्या की बोलायला तोंड उघडायची चोरी. "पण एकदा का सांज झाली," ते म्हणायचे, "अन् वारा पडला, की मग इतकी शांतता, वहिनी, की आपल्याच कानात आपलं रगत वाहायलेलं ऐकू येतंय." असं बोलताना चेहरा उजळायचा. मग एकदम थांबायचे आणि मागं वळून आम्हाला बघायचे.

मी म्हणायचे, "फोटो दाखवा ना सर."

"काढले नाहीत."

"एकही नाही?"

"नाही."

आता बोला! आमच्या घरी दोन दिवस राहायला आलेला पाहुणा शंभर फोटो काढतो. हा माणूस वर्षानुवर्षं ऑस्ट्रेलियात राहिला आणि एक फोटो नाही? माझी नणंद पर्थला असते. तिला मी म्हटलं, जरा चौकशी कर, या वर्णनाचा माणूस तिकडं कुणाला माहीत आहे का. ती म्हणाली, "वहिनी, हा देश नाशिकएवढा नाहीये गं." मला वाटायचं, एकतर हा तिकडं गेलाच नसणार. किंवा पोलिसांची काहीतरी भानगड असणार. नवरा म्हणायचा, "तू सीआयडीत जा."

तो शुक्रवार थंडीतला होता. आणि संकष्टी होती.

नवऱ्याचा उपास मी डायबेटिस निघाला त्याच दिवशी बंद केला होता. गणपतीसमोर उभं करून शपथ घ्यायला लावली होती. सकाळी मी पोळी-भाजी वाढली आणि आवरायला आत गेले. बाहेर आले तर ताट घासायला पडलेलं. गाडीत बसताना सरांनी नेहमीप्रमाणं विचारलं, "काय खाल्लाव?" नवरा म्हणाला, "दोन पोळ्या, भेंडीची भाजी." सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "हो हो, ताट मी स्वतः बघितलं." जगातल्या प्रत्येक माणसावर संशय घेणारी मी, आणि घरातला माणूस माझ्या देखत खोटं बोलला तर मला वासही आला नाही! पोळ्या त्यानं डब्यात परत ठेवल्या होत्या. इन्शुलिन मात्र घेतलं होतं. आता याला काय म्हणावं? बाप्पा रागावतील म्हणून जेवायचं नाही आणि बायको रागावेल म्हणून सुई टोचून घ्यायची!

ऊन कोवळं होतं. आम्ही एका कड्याच्या कडेकडेनं चांगलं लांब गेलो. परतताना नवरा म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं, मी आलो," आणि एका खडकामागं गेला. पुरुषमाणूस खडकामागं गेला की आपण काय थांबून राहतो का? आम्ही चालत राहिलो. सर दोनदा थांबले, मागं पाहिलं. गाडी जवळच होती. तिथं पोचलो, सिस्टरनी आपलं कुलूप काढलं, मी काढलं, आणि वळून पाहिलं तर तो नाही.

थोडी वाट पाहिली. हाका मारल्या. सर आणि सिस्टर त्या खडकापर्यंत जाऊन आले. तिथं कुणी नव्हतं. तोवर उत्तरेचा वारा सुटला आणि वाळू उडायला लागली. लांबचे डोंगर आधी पुसट झाले, मग दिसेनासे झाले. फोनला रेंज नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मी म्हटलं, "सर, गाडी काढा. फिरून बघू. नाहीतर रस्त्यापर्यंत जाऊन फोन करू."

"गाडी हलायची नाही."

"अहो, माणूस हरवलाय माझा!"

"म्हणूनच. त्यांचं कुलूप हाय अजून."

मी ओरडले. काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण 'वेडा' हा शब्द त्यात नक्की होता. तुम्हाला कुलपाची पडलीय, माणसाची नाही, असं म्हटलं. सिस्टर माझा हात धरत होत्या. सरांनी डिकी उघडली, कटर काढला आणि माझ्या हातात दिला.

"घ्या. तुमचा माणूस हाय, तुमचा हक्क हाय. पण प्लांटात तोडायचं असलं तर मी घरी फोन करतो, माणूस पोचलाय का विचारतो. इथं कुणाला विचारू? घरचं माणूस तर इथंच उभं हाय." मग जरा थांबून म्हणाले, "आपण गेलो अन् मागून ते इथं आले, तर?"

मी गाडीत वाकले. कटरची पाती नवऱ्याच्या कुलपावर ठेवली. सरांवर माझा तेव्हाही काडीचा विश्वास नव्हता, उलट हा माणूस माझ्या नवऱ्याचा जीव घेणार असंच वाटत होतं. पण ते कुलूप तोडणं म्हणजे तो इथं नाही असं मी स्वतः सांगण्यासारखं होतं. माझ्यानं ते होईना. मी कटर खाली टाकला आणि तिथंच पायरीवर बसून रडायला लागले.

सरांनी मला रडू दिलं नाही. "उठा. रडायला नंतर टाइम हाय." त्यांनी गाडीचे सगळे दिवे लावले, सिस्टरची लाल ओढणी एरियलला बांधली आणि मला हॉर्नवर बसवलं. थांबून थांबून वाजवायचा, मधे ऐकायचं. ते आणि सिस्टर एकेका बाजूला जायचे, पण गाडीचे दिवे दिसतायत तेवढंच. दिसेनासे व्हायला लागले की परत. मी हॉर्न वाजवत होते आणि कुठल्या कुठल्या देवांना काय काय कबूल करत होते. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मला तरी तो जन्मभराएवढा वाटला.

तो आला भलत्याच बाजूनं. वाळूतून एकदम पुढ्यात. एका पायात बूट नाही, शर्ट घामानं चिंब, पावलं दारू प्यायल्यासारखी. माझ्याकडं बघून म्हणाला, "रास लफानची बस गेली का?"

"साखर उतरलीय!" सिस्टर धावत आल्या. त्यांनी त्याला खाली बसवलं, मँगो ज्यूसचा डबा फोडून घोट घोट पाजला, मग खजूर भरवले. हळूहळू त्याचे डोळे ठिकाणावर आले. मला ओळखलं. आणि पहिलं वाक्य काय म्हणाला असेल? "रागवू नकोस, आज संकष्टी होती." मी त्याला आधी मिठी मारली आणि मग पाठीत एक धपाटा घातला, चांगला सणसणीत. तो सांगत होता, डोकं गरगरलं, कुठल्या बाजूला जायचं कळेना, एका कपारीत बसून राहिला, मग हॉर्न ऐकू आला म्हणून आवाजाकडं चालत आला.

मी चावी काढून घ्यायला त्याच्या गळ्याशी हात नेला, तर सरांनी थांबवलं. "ज्याचं त्यानं काढायचं." नवऱ्याची बोटं चालत नव्हती. तरी सर वाट बघत उभे राहिले. कुलूप निघालं, मग त्यांनी स्वतःचं काढलं.

सिस्टर म्हणाल्या, हॉस्पिटलात दाखवूनच घरी जायचं. त्या नवऱ्याला घेऊन मागं बसल्या, मी पुढं. डांबरी लागली. नवऱ्याला डुलकी लागली, सिस्टरचा हात त्याच्या नाडीवर. मला राहवेना.

"सर, आता तरी सांगा. एकच गाडी का?"

त्यांनी आरशातून मागच्या सीटवर एकदा पाहिलं. मग समोर बघतच म्हणाले, "मागं राहिल्तो मी. तिकडं. दोन गाड्या घेऊन गेल्तो आम्ही. दिवसभर नदीच्या पात्रातनं चाललो. निघताना पुढच्या गाडीला वाटलं मी मागच्या गाडीत हाय. मागच्या गाडीला वाटलं पुढच्या. गेले निघून."

"बाई गं! मग?"

"मग काय. सगळे खुशीत. गाणी लावलेली. मागच्या सीटवर कुणीतरी संत्री सोलायलं होतं, सगळ्या गाडीत वास सुटल्ता. खाणीवर पोचेस्तोवर कुणाच्या ध्यानातच आलं नाही."

दुसरी कुणी असती तर नवरा सापडला याच आनंदात गप्प बसली असती. माझं डोकं तसं बसत नाही. मी म्हटलं, "सर, तुम्ही तर मागं राहिला होतात. मग संत्र्यांचा वास कुणाला आला?"

त्यांनी गाडी हळू केली, कडेला घेतली आणि थांबवली. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच.

"पुढची गाडी मी चालवत होतो," ते म्हणाले.

मागून मोठमोठे ट्रक जात होते, आमची गाडी हलत होती.

"वेल्डर होता एक आमच्यात. कमी बोलायचा. बोलका असता तर गाडीत नाही हे कळलं असतं. परत गेलो आम्ही, लगेच गेलो. गाडी जिथं उभी होती तिथवर त्याची पावलं आल्ती, वहिनी. आल्ता तो. तिथं बसल्ता, वाळूत उमटलं होतं. मग चाकांच्या खुणा धरून निघाला, आमच्या मागं मागं. पुढं खडक लागला, खुणा संपल्या, तिथनं भलतीकडंच गेला."

"मिळाला?"

"मिळाला. उशिरा मिळाला." त्यांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. "कुणी विचारलं तर मी मागं राहिलो असंच सांगतो. खरं सांगितलं तर माझ्या गाडीत कोण बसंल?"

मला भीती वाटली. इतके शुक्रवार मी माझा माणूस कुणाच्या हातात दिला होता हे तेव्हा कळलं, आणि त्यांचा रागही आला. आणि त्या रागातच मला त्या माणसाची दयाही आली. मी फक्त म्हटलं, "चला सर, यांना दाखवायचंय." त्यांनी गाडी सुरू केली. सिस्टरनी सगळं ऐकलं होतं, त्यांनी नवऱ्याची नाडी पुन्हा मोजायला घेतली.

नवऱ्याचं इन्शुलिन बदललं, पंधरवडाभर चालणं बंद झालं. मग डॉक्टरांनी परवानगी दिली. त्या शुक्रवारी मी त्याच्या समोर बसून एकेक घास पोटात जाताना पाहिला, खिशात साखर भरली आणि त्याला खाली पाठवलं. मी वरच थांबले. खिडकीतून बघत होते. तो गाडीत बसला, सिस्टर आधीच बसल्या होत्या, दार लागलं. गाडी काही निघेना.

नवऱ्याचा फोन आला. "अगं, सर विचारतायत तू कुठं आहेस."

"सांग ना, मी येत नाहीये."

"सांगितलं. ते म्हणतात, तिला खाली येऊन सांगू दे."

मी घरातल्या चपलांवर खाली गेले. सरांनी काच खाली केली.

"काय वहिनी, मागं राहिलाव?"

"नाही सर," मी म्हटलं, "कुणी मागं टाकलेलं नाही मला. मीच थांबलेय, माझ्या मर्जीनं. यांना घेऊन जा, आणि घेऊन या."

त्यांनी माझ्या पायांतल्या घरच्या चपलांकडं एकदा बघून घेतलं. मग मान हलवली आणि गाडी काढली.